सहा हजार कोपरे

आल्टोना, हॅम्बुर्ग
बुधवार, १० मार्च १९४८

प्रिय डेटलेफ,

'प्रिय' हा शब्द केवळ सवयीने आला आहे, त्यावर जाऊ नकोस. पत्र असं सुरू करायचं, एवढं मला शाळेत शिकवलं होतं. सोळाव्या वर्षी बाँबहल्ल्यात शाळेची इमारतच गेली, त्यामुळे जे शिकलो ते मी जपून वापरतो.

तुझं पत्र शनिवारी आलं. पाकिटावरचं अक्षर बघून आई म्हणाली, "याला आता काय हवंय? गेला तिकडचे बटाटे संपले वाटतं." मी वाचून दाखवलं. तुझा इंग्रजी-जर्मन कोश छापायला निघाला आहे. पण प्रत्येक अर्थ कुठे सापडला आणि कुठला अर्थ आधी घ्यायचा, हे प्रकाशक विचारतात. म्हणून मी दोन दिवस यावं आणि चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून द्यावेत. बदल्यात प्रस्तावनेत तू माझे आभार मानशील, 'कष्टाळू लेखनिक' म्हणून. विबके शिवत बसली होती. दोरा दाताने तोडून माझी ही बहीण एवढंच म्हणाली, "लेखनिक!"

लेखनिक कोण होतं, ते तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देतो. भाषांतराच्या कचेरीत आपण पाणीपुरवठ्याच्या पंपांच्या इंग्रजी पुस्तिका जर्मनमध्ये करत होतो. पहिल्याच महिन्यात तू 'स्प्रिंग'ला 'क्वेले' लिहून पंपाच्या झडपेत झरा बसवलास. मी तो खोडून वेटोळ्याचा 'फेडर' केला, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालास, "वा मास्तर! विद्यापीठाचं तोंड न बघता प्राध्यापक झालात!" सगळे हसले. मीही हसलो, याची मला आजही लाज वाटते. त्याच दिवशी मी पहिल्या चिठ्ठ्या केल्या, जुन्या शिधापत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. त्या एका 'स्प्रिंग'च्या चार झाल्या: ऋतूची, झऱ्याची, उडीची, वेटोळ्याची. 'रन'च्या त्रेचाळीस झाल्या. एका अर्थाला एक चिठ्ठी, आणि उजव्या कोपऱ्यात अर्थाचा क्रमांक, पुस्तिकेचं पान आणि ज्याला तो सापडला त्याच्या नावाची आद्याक्षरं. हा कचेरीचाच नियम होता. नुसतं वाचणाऱ्याने खाली बारीक खूण करायची. दोन वर्षांत सहा हजारांवर चिठ्ठ्या झाल्या. तुझ्या खुणा मी मोजल्या होत्या. एकशे बारा.

तेव्हा तू आमच्याच खोलीत, पडद्याच्या पलीकडे राहत होतास. आईच्या सलगमाच्या सूपला नावं ठेवत दोन वाट्या पीत होतास. विबकेला म्हणालास, "कोश निघू दे, मग तुला या शिवणातून सोडवतो." ती खूश झाली. मीही झालो. माझ्याकडे शाळेचं प्रमाणपत्र नाही, कुठल्याही दारात ते आधी विचारतात. कोशावरचं नाव हेच माझं प्रमाणपत्र झालं असतं. तुला हे माहीत होतं, कारण मी ते फक्त तुलाच सांगितलं होतं.

ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारी आम्ही तिघं दिवसभर कोळशाच्या रांगेत होतो. परतलो तेव्हा तू नव्हतास, चिठ्ठ्यांची पेटी नव्हती आणि विबकेची शिवणाची कात्री बोथट झाली होती. ती कात्री बघून विबके आधी रागावली, रडली नंतर.

तुझी चूक कुठे झाली, ते सांगतो. माझी आद्याक्षरं घालवायला तू सगळे कोपरे कापलेस. पण क्रमांक आणि पानंही त्याच कोपऱ्यांत होती. कोश करणारा माणूस चिठ्ठीचा कोपरा कापणार नाही, डेटलेफ. तो आधी बोट कापून घेईल. तू चिठ्ठ्या नुसत्या वाचल्या होत्यास, वापरल्या कधीच नव्हत्यास, म्हणून कापताना तुझा हात थांबला नाही.

मी क्रमांक घालणार नाही. आलो तर आभार घ्यायला येणार नाही. आणि अक्षर माझं आहे म्हणून काही सिद्ध होत नाही, हेही मला कळतं. लेखनिकाचं अक्षर असतंच, असं तू म्हणशील. गेले पाच महिने मी एवढ्यावरच अडकलो होतो.

शनिवारी तुझं पत्र ऐकून झाल्यावर आई उठली आणि पलंगाखालून बिस्किटांचा डबा घेऊन आली. तू कापलेले कोपरे शेगडीच्या काटक्यांच्या टोपलीत टाकून गेला होतास, सकाळी आपोआप जळतील म्हणून. तिने ते जाळले नाहीत. "तुझ्या अक्षरातला कागद तुला विचारल्याशिवाय कसा जाळू? आणि विचारलं असतं तर तू जेवला नसतास," असं म्हणाली. चार दिवस विबके आणि मी ते त्रिकोण लावत बसलो आहोत. सगळे आहेत. घाईत कापल्यामुळे प्रत्येकाची कड वेगळी आहे, ती आपल्याच चिठ्ठीला जुळेल, दुसऱ्या कुठल्याही नाही. प्रकाशकांना मी कालच कळवलं आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता मी डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी बसलेला असेन. तू पेटी घेऊन ये. आला नाहीस, तर का आला नाहीस ते मला त्यांना सांगावं लागणार नाही. हे पत्र त्यासाठीच.

खाली 'तुझाच' लिहायची रीत आहे. मी ते लिहून खोडलं आहे.

हिनर्क

ता. क. विबके येणार आहे. कात्री घेऊन.