काष्टीच्या फाटकाची किल्ली

आप्पा, समुद्राकाठच्या या गावात माझी बदली होऊन वर्ष झालं. आज स्टेशनवर जुन्या डिझेल इंजिनाची पॅसेंजर लागली होती आणि ती धडधड ऐकून माझे हात आपोआप कानांवर गेले. शेजारच्या बाईंनी कान दुखतोय का विचारलं, मी हो म्हटलं. खोटं बोलायची मला जुनी सवय आहे. त्या दुपारबद्दल तुम्ही मरेपर्यंत एक चुकीची गोष्ट खरी मानलीत आणि मी ती मानू दिली.

मी अकरावीत होते. काष्टीच्या अलीकडच्या तुमच्या रेल्वे फाटकावर डबा घेऊन आले होते. पॅसेंजर यायची होती, म्हणून तुम्ही हॅंडल फिरवून फाटक पाडलं होतं आणि हॅंडलला कुलूप घातलं होतं. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येऊन थांबला. त्यावर तिघं होते. "गाडी लई लांब हाय, उघड की." तुम्ही म्हणालात, "गाडी गेल्याबिगर न्हाई." अशी हुज्जत रोजचीच. लोक भांडायचे आणि गाडी गेली की तुमच्याच माठातलं पाणी पिऊन जायचे. हे तिघं खाली उतरले आणि त्यांनी ट्रॉलीतून ऊस उपसला. पहिला तुमच्या पाठीवर मोडला तसा दुसरा उपसला. तुम्ही पडलात. एकाने तुमच्या मनगटावर बूट दाबला, तेव्हा दुसऱ्या हाताने तुम्ही किल्ली माझ्याकडे फेकलीत. तुमच्या कानातून रक्त येतंय आणि तुम्ही ओरडताय, "आत जा पोरी, कडी लाव." मी फाटकाशेजारच्या तुमच्या खोलीत जात नाही. मी कुलूप काढते आणि हॅंडल फिरवत राहते, फाटक पूर्ण वर जाईपर्यंत.

ट्रॅक्टर रुळांवर चढला आणि पॅसेंजरचा भोंगा वाजला. तुम्ही उठलात कसे, मला अजून कळलेलं नाही. लाल झेंडा घेऊन रुळांमधून लंगडत गाडीच्या समोर धावलात आणि अगदी शेवटी बाजूला उडी टाकलीत. ब्रेक लागले, तरी इंजिनाने मागची ट्रॉली फाडलीच. कुणी मेलं नाही. ते तिघं शेतातून पळाले. इंजिनाचा ड्रायव्हर खाली उतरला आणि त्यानेही तुमच्या थोबाडीत मारली. "फाटक कुणी उघडलं?" त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी."

चौकशीतही तुम्ही तेच सांगितलंत आणि नोकरी गेली. मग सुप्याच्या एका कारखान्याच्या दारावर वॉचमन म्हणून उभे राहिलात. मला एवढंच म्हणालात, "माजा जीव वाचवाया उघडलंस. तुजा काय दोष न्हाई." त्या दिवशी ज्याने त्याने हात उचलला, एक तुम्हीच कुणाला मारलं नाहीत. तुम्ही मला मारायला हवं होतं. मला तुमचा फार राग यायचा.

कारण मी हॅंडलला हात लावला तेव्हा तुम्हाला मारणं थांबलं होतं, आप्पा. तुमचं तोंड मातीत होतं, तुम्हाला दिसलं नाही. ऊस हातात घेऊन त्या तिघांतला एक माझ्याकडे वळला होता. मला माझा मार चुकवायचा होता. तुम्ही जिवंत असतात तरी हे पत्र मी पाठवलं नसतं.