तुलनेसाठी निरोगी मेंदू

ता. ४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

डोकेदुखीपायी शेवटी मेंदूचा एमआरआय झाला. अंगठी, पट्टा, हातातलं घड्याळ, सगळं काढून घेतलं, घड्याळजीचंच घड्याळ! नळकांड्यात सरकवलं आणि वीस मिनिटं कानाशी ठोकाठोक. दुकानातली हत्यारं कोणाला द्यायची तेही मी आत पडल्यापडल्या ठरवून टाकलं. रिपोर्टात मात्र काही नाही. डॉक्टर म्हणाले, चष्मा बदला. इतकं दुखतंय, आणि म्हणे काही नाही.

काळजी करत राहावी.

तुझा भाऊ

ता. १२ जून

चि. भाऊस अ. उ. आ.

तुझ्या मेंदूत काही सापडलं नाही, याचं घरात कोणाला नवल वाटलं नाही. गुमान चष्मा कर.

इथल्या इस्पितळात आजारी मेंदूंशी ताडून पाहायला पन्नाशीपुढची निरोगी माणसं हवी होती. मी नाव दिलं. अर्धा तास कोणी 'कपडे कधी शिवून देता' म्हणून विचारत नाही, हे काय कमी सुख? मला तर त्या ठोकाठोकीत झोप लागली. घराण्यात एक तरी माणूस धडधाकट आहे, हे आता कागदावर येईल.

जीव लावतोस तसाच लाव.

तुझी ताई

ता. २० जून

चि. भाऊस अ. उ. आ.

निरोगींच्या यादीतून माझं नाव कापलं. डाव्या कानाच्या नसेवर द्राक्षाएवढी गाठ आहे. कर्करोग नाही, पण मेंदूला टेकायला आलीय, काढावीच लागेल. तो कान वर्षभर मंद झाला होता. मी शिलाई मशीनच्या आवाजाला दोष देत होते. चेहऱ्याची नस गाठीला खेटूनच जाते, तोंड वाकडं होऊ शकतं, असं सर्जनबाईंनी स्पष्ट सांगितलं. तीस तारखेला ऑपरेशन. येशील का?

तुझी ताई

ता. २३ जून

ती. ताईस सा. न.

दुकानाला कुलूप लावलं. बहुतेक पत्राआधी मीच पोचेन.

भाऊ

ता. २ ऑगस्ट

चि. भाऊस अ. उ. आ.

डावा कान गेला तो गेलाच. तोंड सरळ राहिलं. पापणी तेवढी आळशी झालीय. नाव दिलं नसतं तर दोन वर्षांनी तुम्ही झोकांड्या खात आला असतात, असं सर्जनबाई म्हणाल्या.

एक सांगायचं राहिलं. बारा दिवस तू उशाशी स्टुलावर बसलास. पण डोकं दुखतं, पाठ धरली, चहा गार आहे, यातलं एक अक्षरही बोलला नाहीस. डॉक्टर धीर द्यायचे, आणि तुझ्याकडे पाहून मला कळायचं, आपलं काही खरं नाही.

काल तुझं कार्ड आलं: प्रवासात मान अवघडली, गुडघाही कुरबुरतोय. ते वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं, मी बरी झाले.

कुरकुर असावी, ही विनंती.

तुझी ताई