भाड्याची गाडी

स्नेहलतागंज, इंदूर

प्रिय यमुना,

नाशकात थोरल्याकडे तुमचं बस्तान बसलं असेल. इकडे आपली गल्ली सुनी झालीय. मिल बंद पडल्यापासून निम्मी बिऱ्हाडं हलली, उरलेले पुरुष ओट्यावर बसून पोहे खातात आणि सरकारला शिव्या देतात. हे मात्र त्यांच्यात नसतात, यांना विमा कंपनी आहे ना! नोकरी गेली तरी इस्त्रीचा शर्ट घालून जायला एक ऑफिस मिळालंय.

चेष्टा करतेय, पण अगदी जीव मेटाकुटीला आलाय गं. मिल सुटताना मिळालेल्या हिशेबाच्या पैशांतून यांनी ती जुनी फियाट घेतली तेव्हा मी केवढी कटकट केली होती. पण तिच्या जोरावर महू-सिमरोलच्या दुकानांतून चहापत्तीच्या ऑर्डरी येऊ लागल्या, घर पुन्हा उभं राहिलं, तशी मी गप्प बसले. मग तुझ्या बेबीचं लग्न ठरलं आणि यांनी आपणहून किल्ली पुढे केली. फुलं लावलेल्या गाडीतून तिला स्वतः महूला सासरी पोचवलं. परतताना राऊजवळ ट्रकनं गाडीचं तोंड चेपून टाकलं. कपाळाला टाके पडले, जिवावरचं टळलं. गाडी गॅरेजात पडून आहे आणि हे सायकलवर. या वयात सायकलनं महू कसं गाठणार? ऑर्डरी एकेक करून दुसऱ्याकडे जाताहेत.

भरपाई मिळेल म्हणून निवांत होतो. तर काउंटरवरचा तो गुळगुळीत पोरगा म्हणतो, "माताजी, घर की गाड़ी किराए पर चली है, क्लेम नहीं बनता." मी म्हटलं, कसला किराया? तर म्हणे, साहेब लंचला गेलेत. तो साहेब कधी जेवून परत आलेला मी पाहिला नाही. शेवटी ग्राहक मंचात गेलो. तिथे कंपनीच्या वकिलानं विचारलं, गाडी नेल्याबद्दल काही मिळालं का? आमचे हरिश्चंद्र लगेच म्हणाले, हो, बेबीच्या सासऱ्यांनी शाल-श्रीफळ दिलं, वर पाकीटही. वकिलाचा चेहरा असा खुलला! अरे बाबा, नवरीला आणणाऱ्याचा मान असतो तो, त्याला भाडं म्हणतात का? मी मागून ओरडलेच. मला बाहेर बसवलं.

पण नारळावर केस अडलेली नाही. गाडी भाड्यानं ठरवली होती, असं कुणीतरी कंपनीच्या माणसाला सही करून दिलंय. वकील तो कागद नाचवतो आणि यांना खोटारडा म्हणतो. गिरणीत इतकी वर्षं यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही, यमुना. आणि हे? मान खाली घालून उभे राहतात. घरी आल्यावर मी भांडते, तर उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालतात. मेल्या झाडांची मुळं कुजायची वेळ आलीय.

आता स्पष्टच लिहिते. ती सही तुझ्या नवऱ्याची, बाबूराव भावजींची आहे. कंपनीचा माणूस तुमच्याकडे आला तेव्हा नेमके व्याही बसले होते, आणि लेकीसाठी खास भाड्याची गाडी केलीय असं भावजींनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. मिल सुटलेल्या माणसाला शेजाऱ्याची गाडी मागून आणली असं व्याह्यांसमोर म्हणवेना, हे मला कळतं. तू तेव्हा घरातच होतीस. यांनी तो कागद वाचला, आणि भावजींना मंचापुढे बोलवायचं नाही अशी मला शपथ घातली. म्हणतात, बेबीला त्या घरात जन्म काढायचाय, आपली गाडी गेली तर गेली. तुझ्या नवऱ्याची लाज राखायला माझा नवरा चारचौघांत खोटा ठरतोय, आणि मला ते बघवत नाही. शपथ भावजींना बोलवायची नाही, एवढीच आहे. म्हणून तुला लिहितेय. पुढच्या तारखेला तू ये, आणि खरं काय ते सांग.

रागावलेली, तरी तुझीच,
इंदू