आत्याबाईच्या मिशा

मुटोकोजवळ, झिम्बाब्वे
१२ मे

ती. अंजनाआत्यास,
दीपमालाचा सा. न. वि. वि.

इथं डोंगर चढल्याशिवाय रेंज येत नाही, म्हणून पत्र लिहून बाजाराच्या दिवशी त्याचा फोटो पाठवते आहे. दवाखान्यात मी बाळांची वजनं करते आणि आयांना चार गोष्टी समजावते, असं कागदावर आहे. खरं तर त्याच मला समजावतात.

परवा फजितीच झाली. मी ज्यांच्या घरी राहते त्या रुदोआज्जींना सकाळी नुसता हात हलवला आणि सरळ चहाला बसले. आज्जी रुसल्या! इथल्या शोना लोकांत बायकांनी मोठ्यांपुढं गुडघे टेकून हलक्या टाळ्या वाजवायच्या आणि झोप नीट झाली का विचारायचं. समोरचा म्हणतो, "तू झोपली असशील, तर मी झोपलो." मग बाकीचं बोलणं.

त्या ओघात आज्जींनी माझ्या वडिलांचीही झोप विचारली. न विचारता विमानाचं तिकीट काढलं म्हणून आबा फेब्रुवारीपासून माझ्याशी बोलत नाहीत, हे सांगावंच लागलं. तर म्हणाल्या, तुला आत्या नाही का? इथं बाप-लेकीचं बिनसलं की मिटवायचं काम आत्याचं. ती म्हणजे बाईच्या रूपातला बापच. आपण नुसतं म्हणतो, आत्याबाईला मिशा असत्या तर. इथं त्या असतातच! तेव्हा मिशांना पीळ दे आणि साताऱ्याला जा. आज्जींचा निरोप आहे, रीतसर गुडघे टेकून आबांची झोप विचार.

चेष्टा करतेय, पण आबांच्या आवाजाशिवाय करमत नाही गं.

माझ्यावरचा लोभ थोडा आबांकडंही वळव.
तुझी दीपमाला


सांगली
२ जून

चि. दीपमाला हिस,
अंजनाआत्याचे लय लय आशीर्वाद.

तुजं पत्र आमच्या ह्यांनी वाचून दावलं आणि दिसभर मला मिशीवाली म्हणून हाका मारल्या. उसाला पाणी द्यायचं त्यांच्या गळ्यात घातलं आणि मी यष्टीनं सातारा गाठला.

दादा तोंडाम्होरं पेपर धरून बसलेला. तुजं नाव काढलं तसा म्हणाला, त्या पोरीशी बोलायचं न्हाई, सुभेदाराचा शब्द हाय. मग काय, गुडघं धरल्यालं असूनबी टेकलं की फरशीवर! टाळ्या वाजवल्या. तुजी आई लाटणं घिऊनच धावत आली, तिला वाटलं माज्या अंगात आलं. दादाबी दचकून उठला. तवा इचारलं, दादा, झोप लागती का?

त्यानं पेपराची घडी घातली. मग म्हणाला, फेब्रुवारीपासनं न्हाई. पोरगी कुठं निजत आसंल, दाराला कडी हाय का, ह्येच डोक्यात.

पर मीबी सोडला न्हाई. म्हणलं, तू फौजेत पळून गेलास तवा आईला कुठं इचारलंवतंस? तीबी अशीच आढ्याकडं बघत पडायची. पोर तुज्यावरच गेलीया. मग फोनातलं तुजं पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं, आणि मला उठाया हात दिला. माजं मला उठताच येईना!

निघताना कंदी पेढं बांधून दिलं. बोलंल का न्हाई, ते मातर कळंना. शब्द मागं घ्याचं त्याच्या जिवावर येतं, तुला ठावं हाय. आता गुडघ्याला त्याल चोळत पडलीया. तुज्या आज्जीला इचार, ही रीत खुर्चीत बसून चालती का.

माया हाय तशीच ऱ्हाऊ दे, गुडघ्यापरास तिलाच जप.
तुजी आत्या


सातारा
९ जून

चि. दीपमाला हिस,
आशीर्वाद.

बोलणार नाही, असा माझा शब्द होता. लिहिणार नाही, असं म्हणालो नव्हतो.

दाराला आतून कडी आहे का ते कळवणे. मच्छरदाणी गादीखाली खोचून घेत जाणे. रुदोआज्जींना माझा नमस्कार सांगणे. त्यांच्यापायी तुझी आत्या अजून लंगडते आहे.

डोंगरावर रेंज येते म्हणतेस. रविवारी सकाळी चढ आणि फोन लाव. आधी तू विचार, म्हणजे मी बोललो असं होणार नाही, नुसतं उत्तर दिलं असं होईल. उत्तर पाठ केलं आहे. तू झोपली असशील, तर मी झोपलो.

लोभ बंद कधीच नव्हता.
तुझा आबा