बाबांच्या बंदुकीच्या दोन नळ्या

फेर्लाख, १७ ऑक्टोबर

प्रिय कायेतान,

आज चीजच्या नूडल्या उकळताना तुझी फार आठवण आली. कॉन्व्हेंटमधून मी शनिवारी घरी आले की आई ताटं मांडत ओरडायची, "हात दाखवा!" आणि तू धुतलेला एकच हात पुढे करायचास. दुसरा, तेलाने काळा झालेला, पाठीमागे. आईला कळायचं, तरी ती तुलाच आधी वाढायची.

सगळं ठीक आहे. डोंगरावर बर्फ पडलाय. अक्षर मोठं आलंय, कारण दिवा मंद आहे.

बातमी अशी, की बाबांची बंदूक मी पुरी करत आणलीय. तीच, वर-खाली नळ्यांची छऱ्याची बंदूक. तिच्या नळ्या कापून दुनळी रायफल करायला बाबा निघाले आणि तू म्हणालास, "हा सांगाडा गोळीचा दणका सोसणार नाही." त्यावरून तू घर सोडलंस. बाबांच्या मातीला आलास, पण आपल्या बंदुकांच्या कारखान्यात पाऊल टाकलं नाहीस.

तुम्ही दोघंही बरोबर होतात रे. बाबांनी ठरवलेलं काडतूस फार जोरकस होतं, त्याने सांगाडा सैल झालाच असता. मी मंद काडतूस घेतलं. जुन्या नळ्यांचं बूड ठेवून त्यात नव्या रायफलच्या नळ्या बसवल्या, काडतुसावर ठोका मारणाऱ्या छऱ्याच्या जाड पिना काढून बारीक घातल्या. सरकारी चाचणीत जादा दारूचे बार सोसून ती शिक्का घेऊन आली. बिजागरीत केसाचीही फट नाही.

राहिलं नेम जुळवणं. रोज दोन्ही नळ्यांचे बार काढायचे, नळ्यांची तोंडं जोडणारा डाख तापवून त्यांच्यामधली पाचर सरकवायची, पुन्हा बार. पण गोळ्या आज इकडे, उद्या तिकडे. मी पाचरीला दोष देत बसले. शेवटी शेजारचा पोटोचनिक निशाणाच्या कागदाकडून ओरडत आला, "रोसी, बाई, माझ्या कुंपणाने तुझं काय वाकडं केलंय?"

"वारा होता."

"वारा? खांबात शिरलीय गोळी! आण इकडे."

त्याने दोन बार काढले, पुन्हा दोन. दोन्ही वेळा गोळ्या तिथेच. खालच्या नळीची बोटभर वर, वरच्या नळीची बोटभर खाली. म्हणजे नळ्यांची तोंडं फार जवळ आलीत, गोळ्या एकमेकींना ओलांडतात. नवखा माणूस अशा वेळी तोंडं आणखी जवळ दाबतो. खरं तर पाचर आत सारून त्यांना जरा लांब करायचं असतं.

बंदुकीत तेवढाच दोष होता. बाकीचा माझ्या डोळ्यांत.

पोटोचनिकने बंदूक खाली ठेवली. मग म्हणाला, "कायेतानला कळवलंस?" मी म्हटलं, "त्याला कशाला घोर?" तो म्हणाला, "मग मी कळवतो. माझं अक्षर घाणेरडं आहे, त्याला तू मेलीस असं वाटेल." म्हणून हे पत्र.

क्लागेनफुर्टचे डॉक्टर म्हणतात, मधलं दिसणं गेलं, ते परत येणार नाही. सरळ रेघ मला वाकडी दिसते. दिवा मंद नाही, कायेतान.

नाताळानंतर कारखाना बंद करीन. तेव्हा पुढची वाटणी नीट वाच.

माझ्या नक्षीच्या छिन्न्या तुझ्या लेकीला, लेनीला. तिने पाठवलेल्या रानकोंबड्याच्या चित्रात पिसं खरी आहेत. मोठा शेगडा पोटोचनिकला. तो किती वर्षं त्यावर डोळा ठेवून आहे, उचलून नेऊ दे स्वतः. आईचा भरतकामाचा मेजपोस कॉन्व्हेंटच्या सिस्टर आग्नेसना.

रायफल तुला. शेवटचा डाख मी दिलेला नाही. दुसऱ्याच्या खांद्यावर जुळवलेली दुनळी तुझ्या खांद्यावर जुळणार नाही, हे तुला सांगायला नको. ती टपालाने येत नाही. न्यायला यावं लागेल. पाचर मी सरकवीन, बोटांना अजून सगळं कळतं. बार तू काढ.

आणि दारात आलास की अगदी समोर उभा राहू नकोस. जरा बाजूला राहा. कडेकडेचं मला अजून छान दिसतं.

तुझीच,
रोसविता