शोकेसमागची सहा भोकं

प्रिय अहो,

पत्रं लिहिणारी मी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण कालपासून एका जागी बसवत नाही. सकाळपासून दोनदा फरशी पुसून झाली. म्हटलं, तुम्हालाच विचारून टाकावं.

काल तुमचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. तुम्ही गेल्यापासून रविवारी थोडा वेळ लावते. कशाला, ते विचारू नका. मरोळहून तुमच्या दुरुस्तीवाल्या मित्राला, पास्कलना बोलावलं. त्यांनी शोकेसची काच सरकवली, आत हात घातला आणि झटकन मागे घेतला.

“वहिनी, ही शोकेस आहे की भट्टी?”

“मेट्रोच्या कामाची धूळ किती येते! उघड्यावर ठेवू?”

“ठेवायचा! आतल्या काचेच्या नळ्या, हे व्हॉल्व्ह, तापणारच, ते त्यांचं कामच. पण गरम हवा बाहेर तर जाऊ दे. कोंडला की लवकर म्हातारा होतो तो.”

मग त्यांनी शोकेस भिंतीपासून ओढली आणि हसायलाच लागले. “पाडलीत की भोकं आमच्या दोस्ताने, सहा! आणि कोणी शहाण्याने वर चिकटपट्टी मारलीय.”

ती शहाणी मीच. दिवाळीच्या साफसफाईत भोकं दिसली. म्हटलं, झुरळं येतील. पुढे एकदा पट्टी निघालेली दिसली, तर गोंद सुटला समजून दुहेरी लावली.

ती तुम्ही काढली होती ना?

मग बोलला का नाहीत? व्हॉल्व्ह गेला की मीच वर तोंड करून म्हणायची, “कसलं हे नाजूक मशीन! शेजाऱ्यांचा रेडिओचा डबा बघा, कधी कुरकुरत नाही.” तुम्ही नुसतं “बरं” म्हणायचात आणि नवा व्हॉल्व्ह शोधायला निघायचात. एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर! मी भांडले असते, पण ऐकलं असतं. ऐकलं असतं ना?

तुमच्या कपाटात मोज्यांत गुंडाळलेली व्हॉल्व्हची एक जोडी सापडली. पास्कलनी ती बसवली. म्हणाले, “शेवटची आहे, वहिनी. असली आता मिळत नाही. हवा दिलीत तर खूप वर्षं साथ देईल.”

शेवटची. कालपासून हाच शब्द डोक्यात फिरतोय.

तर ऐका. अ‍ॅम्प्लिफायर आता खिडकीजवळ तिपाईवर आहे, चारी बाजूंनी मोकळा. वर रुमाल नाही, फुलदाणी नाही. धूळ बसेल तेवढी बसू दे. थंड झाला की पुसेन.

आणि एक. तुम्ही सोफ्यावर शेजारची जागा थोपटून म्हणायचात, “एक बाजू तरी ऐक गं.” मला नेहमी कुकर, नाहीतर दोरीवरचे कपडे. या रविवारी रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत बसेन. मध्ये उठणार नाही. शब्द देते.

तुमची,
सुनंदा