पिवळ्या झालेल्या ओळी

आई, पोरीनं मला फोनमध्ये पुस्तक टाकून दिलंय. फोनमध्ये पुस्तक कसं असतं ते तुला कळणार नाही, मला तरी कुठं कळत होतं. चौथी शिकलेली बाई मी, पेपरातली रास वाचते, बस. ती पुण्याहून म्हणाली, दुपारभर भिंती बघत बसतेस त्यापेक्षा वाच. अक्षरं इतकी मोठी करून दिलीत की एका वेळी सहाच ओळी दिसतात. पुढं किती उरलंय ते हाताला लागतच नाही.

गोष्ट एका नवरा-बायकोची आहे. नवरा मारत नाही, शिव्या देत नाही. बायकोची तब्येत नाजूक आहे असं सगळ्यांना गोड बोलून सांगतो आणि तिला घराबाहेर पडू देत नाही. मला तिचाच राग येतो. अगं बाई, ओरड ना. मग मीच थांबते, कारण खाली आमच्या दाराला ताला असतो. मल्हारगंजातलं हे घर वरच्या मजल्यावर, जिन्याचं दार गल्लीत. गल्लीतून कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली, तेव्हापासून हे दुकानात जाताना बाहेरून ताला लावतात आणि चाबी खिशात टाकतात. अकरा वर्षं झाली. भाजीसुद्धा हेच आणतात. काही बोलले की म्हणतात, तुझ्याच भल्यासाठी आहे.

तू शिकवलंस तशी मी अजून बोट ठेवून वाचते. परदेशीपुऱ्याच्या आपल्या घरी, त्या स्वयंपाकघरात तू पोळ्या लाटतेस, मी जवळ बसून वाचतेय, बोट सुटलं की लाटणं हातावर. ते बोट काही सुटलं नाही. पण फोनवर बोट जरा दाबून राहिलं की ओळ पिवळी होते, आणि पुस्तक पोरीच्याही फोनमध्ये आहे, तिथंही ती पिवळी दिसते. मला काय माहीत. जिथं मी अडले तिथं बोट अडलं. परवा तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाली, "आई, तू पुस्तक वाचतेस की मला काही सांगतेस?"

मी म्हटलं, चुकून लागलं.

"चुकून सगळ्या दाराच्याच ओळी?"

मग ती म्हणाली, आठ दिवस माझ्याकडे ये, नाही तर निदान चाबी तरी माग.

मला तुझीच आठवण आली, आणि चांगली नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी पिशवी घेऊन तुझ्याकडे आले होते. तू पोहे केलेस, वर सेव घातलीस, माझं अर्धंच ऐकलंस आणि टेम्पोत बसवून मला परत आणून सोडलंस. वाटेत एकच वाक्य बोललीस, "एकदा असं निघून यायची सवय लागली की सुटत नाही." मला तुझा इतका राग आला की महिनाभर तुझ्याशी धड बोलले नाही. तो राग अजून आहे. तू गेलीस तेव्हा रडले, पण रागासकट.

काल सकाळी ह्यांना चाबी मागितली. कुठं जायचंय, म्हणाले. मी म्हटलं, "कुठं नाही. तरी द्या." हे हसले, फोन वाचून डोकं फिरलंय म्हणाले. मी म्हटलं, मग उद्यापासून डबा नाही. संध्याकाळी दुसरी चाबी करून आणली आणि माझ्या हातावर ठेवली. आज सकाळी हे डबा घेऊन खाली उतरले आणि सवयीनं बाहेरून ताला लावून निघून गेले. मी आत, चाबी हातात, ताला पलीकडे. अक्कल बघ ह्यांची, आणि माझीही. शेवटी गॅलरीतून समोरच्या भाभीला हाक मारली आणि चाबी खाली टाकली. तिनं ताला उघडून दिला, वर बघून विचारलं, "कहीं जा रही हो क्या, भाभी?" मी म्हटलं, हां, देखती हूँ.

त्याला आता दोन तास झाले. साडी बदलून बसलेय आणि वहीच्या पानावर तुला हे लिहितेय, जे कुणी तुझ्यापर्यंत नेणार नाही. मधे दोनदा खाली जाऊन आले. उघडं दार, गल्लीतली माणसं येता-जाता आत बघतात. पहिल्यांदा नुसतं बघून आले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आतून कडी लावून आले. मी, स्वतःच्या हातानं. हे पोरीला नाही सांगणार.